अट सुटली, मोर्स उरली

महाळुंग्यात, चाकण एमआयडीसीच्या पट्ट्यात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी विद्युत देखभालीचं काम करतो. ड्राइव्ह, पॅनल, सेन्सर, अर्थिंग हे माझे दिवसभराचे विषय. संध्याकाळी घरी आलो की रेडिओ संच लावतो. मी हौशी रेडिओचालक आहे, ज्याला जगभर हॅम म्हणतात. सरकारचा परवाना, स्वतःचं कॉलसाइन, गच्चीवर स्वतः ताणलेला अँटेना आणि त्यावरून दूरदेशीच्या माणसाशी थेट संपर्क. मधे मोबाइल कंपनी नाही, इंटरनेट नाही.

आमच्या या छंदात एक वाद बरीच वर्षं चालू आहे. परवाना मिळवण्यासाठी मोर्स लिपी यायलाच हवी का? मी मोर्सची परीक्षा देऊन परवाना घेतला. आजही माझे बहुतेक संपर्क मोर्सवरच होतात. तरीही जगातल्या बहुतेक देशांनी ही अट काढली ते योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी रेडिओच्या टेबलापाशी बसून बनवलेलं नाही. ते कारखान्यातल्या कामातून घडलं, म्हणून त्या कामासकटच सांगतो.

मी शिकलो ते नव्वदच्या दशकात. तेव्हा १९७८ चे हौशी रेडिओ सेवेचे नियम लागू होते आणि परवान्याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. ग्रेड दोनसाठी मिनिटाला पाच शब्द, ग्रेड एकसाठी बारा शब्द या वेगानं मोर्स घेता आणि पाठवता यायला हवी. मला शिकवलं ते सैन्याच्या सिग्नल्स विभागातून निवृत्त होऊन दिघीत राहिलेल्या एका हवालदारांनी. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ५५५ आयसी, एक छोटा स्पीकर आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर त्यांनी मला सरावाचा ऑसिलेटर करायला लावला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातला ठिपक्यांचा आणि रेघांचा तक्ता काढून घेतला. म्हणाले, "हा तक्ता पाठ केलास तर जन्मभर मोजत बसशील. अक्षर कानावर आलं की हातानं लिहिलं पाहिजे, मधे डोक्याला विचारायचं नाही." त्यांचं म्हणणं किती खरं होतं, ते पुढे शिकवायला बसलो तेव्हा मला नीट कळलं.

मुंबईत दूरसंचार खात्याच्या मॉनिटरिंग केंद्रावर परीक्षा झाली. ग्रेड दोनला १२५ अक्षरांचा उतारा, पाच अक्षरांचा एक शब्द धरायचा, पाच मिनिटं सलग ऐकून उतरवायचा. पाचांहून जास्त चुका झाल्या की नापास. तसाच उतारा स्वतः की दाबून पाठवायचा. पास झालं म्हणजे सगळं मोकळं झालं, असंही नव्हतं. ग्रेड दोनच्या माणसाला लघुलहरींवर आधी फक्त मोर्स वापरता यायची. १०० मोर्स संपर्कांचा पुरावा दिला की मग आवाजानं बोलण्याची मुभा. म्हणून आम्ही सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रात्री बसून संपर्क जमवायचो आणि संपर्काची पावती म्हणून पोस्टानं येणारी क्यूएसएल कार्डं जपून ठेवायचो. त्या काळानं मला ऐकायला शिकवलं. आधी ऐक, वारंवारता मोकळी आहे का बघ, मग हात लाव. पुढे मशिन दुरुस्त करतानाही हीच सवय उपयोगी पडली.

पण त्याच काळात मी काही माणसांना बाहेर राहतानाही पाहिलं. आमच्याबरोबर तयारी करणारा एक जण टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. सर्किटचं त्याचं ज्ञान माझ्यापेक्षा कितीतरी पक्कं. जुन्या भंगारातून त्यानं सुंदर रिसीव्हर उभा केला होता. तो एका कंपनीत आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टमध्ये काम करायचा. मोर्सला रोज, ठरावीक वेळी, थोडा थोडा सराव लागतो, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या कानात तो सराव टिकत नाही. त्याला व्हीएचएफपुरता मर्यादित परवाना मिळाला आणि लघुलहरींचं दार बंद राहिलं. त्याच्या रेडिओच्या ज्ञानाबद्दल त्या परीक्षेनं काहीही सांगितलं नव्हतं. मोर्सची अट ही गाळणी आहे, तिच्यामुळे फक्त गंभीर माणसं आत येतात, असं आमच्यातले ज्येष्ठ सांगत. ती गाळणी नक्की काय गाळत होती, हे मी त्याच्या रूपानं पाहिलं. मोकळी संध्याकाळ ज्याला मिळते तो आत, पाळीत अडकलेला बाहेर.

ही अट आली कशी, याचा इतिहास पाहिला तर ती मुळात गाळणी म्हणून आलीच नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिनतारी संदेश म्हणजे मोर्स, दुसरं काही नव्हतंच. १ जुलै १९०८ पासून एसओएस हा आंतरराष्ट्रीय संकटसंदेश लागू झाला. बोटी, किनाऱ्यावरची केंद्रं, सैन्य, तारखातं सगळे याच लिपीत बोलत. आपल्या पुण्याच्या परिसरातसुद्धा १९२७ मध्ये खडकीचं प्रेषण केंद्र आणि दौंडचं ग्रहण केंद्र यांच्या जोरावर इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवा सुरू झाली होती. अशा वेळी हौशी माणूस त्याच आकाशात संदेश सोडणार असेल, तर त्याला मोर्स कळायलाच हवी होती. एखाद्या बोटीनं मदत मागितली, किंवा सरकारी केंद्रानं "तुमच्यामुळे अडथळा येतोय, थांबा" असं सांगितलं, तर ते त्याला समजलं पाहिजे. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या नियमांत ३० मेगाहर्ट्झच्या खाली काम करणाऱ्या हौशी चालकाला मोर्स सक्तीची झाली. अट दुसऱ्याच्या जिवासाठी होती, आणि त्या काळी ती शंभर टक्के योग्य होती.

मग काळ बदलला. १ फेब्रुवारी १९९९ पासून जहाजांची संकटसूचना यंत्रणा पूर्णपणे उपग्रह आणि स्वयंचलित डिजिटल संदेशांवर गेली. मोर्स ऐकत बसणारा रेडिओ अधिकारी बोटीवरून उतरला. २००३ च्या जून-जुलैत जिनिव्हात झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेनं ती सक्ती उठवली आणि मोर्स ठेवायची की नाही, हे प्रत्येक देशावर सोपवलं. ब्रिटन, जर्मनी, स्वित्झर्लंड यांनी त्याच वर्षी अट काढली. अमेरिकेनं आधी १९९१ मध्ये प्राथमिक परवान्याची, मग २३ फेब्रुवारी २००७ पासून सगळ्याच परवान्यांची काढली. आपल्याकडे २००५ आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी जुन्या पायऱ्या जाऊन जनरल आणि रेस्ट्रिक्टेड अशा दोनच श्रेणी राहिल्या. रेस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, आणि तरी कमी शक्तीवर लघुलहरींवर आवाजानं बोलता येतं. जनरलसाठी मात्र त्या दुरुस्त्यांनी मिनिटाला आठ शब्दांची मोर्स कायम ठेवली. जुलै २०१३ मध्ये आपली तारसेवाही बंद झाली. ज्या कारणासाठी अट होती ते कारण जमिनीवरून गेलं, समुद्रावरून गेलं, कागदावर तेवढं उरलं.

माझं मत पक्कं झालं ते कारखान्याच्या एका साध्या नियमामुळे. आमच्याकडे उच्चदाब पॅनल कोणीही उघडू शकत नाही. त्यासाठी नाव असलेली अधिकृत यादी आहे, वर्क परमिट आहे, कुलूप लावून पाटी टांगायची पद्धत आहे. नवीन मुलगा कितीही हुशार असला तरी सुरक्षिततेची परीक्षा दिल्याशिवाय त्याला पॅनलला हात लावू देत नाहीत, कारण त्याच्या चुकीनं दुसऱ्याचा जीव जाईल. पण त्याच मुलानं सोल्डरिंग सुबक करावं, ड्रॉइंग देखणं काढावं, यासाठी आम्ही त्याला गेटवर अडवत नाही. ते आम्ही आत घेऊन शिकवतो. सक्तीची परीक्षा कशाची घ्यायची, याचं उत्तर मला इथे मिळालं. जे न येण्यानं दुसऱ्याला इजा होते, ते सक्तीचं. बाकी सगळं शिकवण्याचं. १९३० च्या हॅमला मोर्स न येणं दुसऱ्यासाठी धोक्याचं होतं. आजच्या हॅमला मोर्स न येण्यानं कुणाचंही काही बिघडत नाही.

२००४ च्या डिसेंबरमध्ये अंदमानात हेच दिसलं. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी तेव्हा रेडिओ मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होते. २६ तारखेला त्सुनामी आली, नेहमीची संपर्कयंत्रणा कोलमडली, आणि हॅम संचांवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचू लागली. ते निरोप आवाजात गेले. नाव नीट ऐकणं, स्पष्ट परत सांगणं, एकही निरोप गहाळ न होऊ देणं हे तिथे कामाचं होतं.

आता आमच्या पट्ट्यातली गोष्ट. महाळुंग्यात रेडिओ ऐकणं सोपं नाही. प्रत्येक कन्व्हेयर, पंप, प्रेसला व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह असतो. तो मोटरला हवी तशी वीज देण्यासाठी ती सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो. केबलचं शिल्ड नीट बांधलेलं नसलं, फिल्टर नसला, अर्थिंग कच्चं असलं, की त्या तोडजोडीचा कचरा लघुलहरींत पसरतो. त्यात एलईडी दिवे, वेल्डिंग सेट, सोलर इन्व्हर्टर. संध्याकाळी सात मेगाहर्ट्झवर संच लावला की आधी नुसता खरखराट. गुरुवारी, पुष्कळ युनिटं बंद असताना, तो बराच उतरतो.

या खरखराटानंच आमच्या कारखान्यातली तरुण मुलं रेडिओकडे आली. एका लाइनवर सेन्सरचं रीडिंग मधेच उड्या मारायचं. मी बाजारात मिळणारा साधा मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर घेऊन पॅनलच्या कडेनं फिरलो. ज्या केबलजवळ तो जोरात गुणगुणला, तिचं शिल्ड एका टोकाला सुटलेलं निघालं. गोल क्लॅम्पनं शिल्ड पूर्ण घेरून अर्थला बांधलं आणि रीडिंग शांत झालं. सोबतच्या डिप्लोमा ट्रेनी मुलीनं विचारलं, "सर, हा ट्रान्झिस्टर गाणी ऐकायचा ना? याला केबल कशी कळली?" मग कॅन्टीनमध्ये अँटेना, तरंगलांबी, हार्मोनिक असं बोलणं सुरू झालं. सात मेगाहर्ट्झचा अर्ध्या लांबीचा अँटेना वीस मीटरच्या जवळपास का येतो, हे तिनं पेपर नॅपकिनवर स्वतः काढून पाहिलं.

ती आणि आणखी काही जण, त्यांत आयटीआय करून आलेले अप्रेंटिसही होते, रेस्ट्रिक्टेडच्या परीक्षेला बसले. मोर्स नसल्यामुळे तयारी शिफ्टमध्ये बसवता आली. सिद्धांत आणि नियम यांचा अभ्यास त्यांनी बसच्या प्रवासात केला. जुनी अट असती तर यांतलं एकही पोर इथवर आलं नसतं, हे मी खात्रीनं सांगतो. परवाना हातात आल्यावर प्रत्येकानं आपापली वाट धरली. कुणी उपग्रहांचे संकेत ऐकू लागला. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला एक किलोच्या आसपासचा "स्वयम्" उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्हीवरून गेला होता आणि तो हौशी रेडिओच्या लहरींवर काम करणारा होता, हे कळल्यावर त्यांना अवकाश एकदम जवळचं वाटलं.

आणि मग त्या मुलीनं मोर्स मागितली. एका संध्याकाळी माझ्या घरी आम्ही संच लावून बसलो होतो. सौ.नी चहा आणून ठेवला होता. दक्षिणेकडच्या कुणाचा तरी आवाज येत होता, पण खरखराटात एक शब्द लागत नव्हता. मी पट्ट्याच्या खालच्या भागात गेलो, अरुंद फिल्टर लावला आणि तिथे एक बारीक, स्वच्छ मोर्स उभी राहिली. मी लिहीत गेलो, उत्तर दिलं, संपर्क झाला. तिनं कारण विचारलं. कारण साधं आहे. आवाजाला सुमारे २४०० हर्ट्झ रुंदीची वाट लागते, मोर्सला २५० हर्ट्झचा फिल्टर पुरतो. वाट जेवढी अरुंद तेवढा कचरा कमी आत येतो, म्हणजे इथे साधारण दहावा हिस्सा. पाठवणाऱ्याची सगळी शक्तीही त्या एका बारीक स्वरात एकवटलेली असते. ती म्हणाली, "मग सर, हे मला शिकवाच." मी काकांसारखाच तक्ता दिला नाही. कॉख पद्धतीनं के आणि एम ही दोनच अक्षरं पूर्ण वेगात ऐकवली, ती पक्की झाल्यावर तिसरं. परीक्षेची टांगती तलवार नसल्यानं ती हसतखेळत शिकली, आणि मी ज्या वेगाला पास झालो होतो तो वेग तिनं मागे टाकला.

सगळे तिच्या वाटेनं गेले नाहीत, आणि जायलाही नकोत. खरखराटात टिकण्याच्या बाबतीत आज मोर्सपेक्षा सरस पद्धती आहेत. २०१७ मध्ये आलेली एफटीएट घ्या. ती बनवणाऱ्यांपैकी जो टेलर हे जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. अवकाशातून येणारे अतिक्षीण ठोके वेचण्याचं शास्त्र त्यांनी हौशी रेडिओला दिलं. पंधरा सेकंदांचा हप्ता, जेमतेम ५० हर्ट्झची रुंदी, आणि कानाला ऐकूही न येणारा संकेत संगणक वाचून दाखवतो. आमचा एक अप्रेंटिस जुन्या लॅपटॉपवर त्यात रमला आहे. तो माझ्यापेक्षा कमी हॅम आहे, असं मला एकदाही वाटलं नाही. हैदराबादचे अशर फरहान यांनी बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून घरी बांधता येईल असा बिटएक्स हा आवाजी संच जगाला दिला, तेव्हा स्वतः बांधण्याचा मानही फक्त मोर्सवाल्यांकडे उरला नाही.

तरी मी मोर्स का सोडत नाही? कारण एवढ्या थोड्या सामानात एवढ्या लांब नेणारं दुसरं काही माझ्या हाताला सापडलेलं नाही. मूठभर ट्रान्झिस्टर, एक क्रिस्टल, एक बॅटरी आणि कान. या यंत्रात बंद डबा कुठेच नाही. प्रत्येक भाग काय करतो ते मला ठाऊक आहे आणि बिघडला तर मी तो बदलू शकतो. दिवसभर ज्या ड्राइव्हचं कार्ड जळलं की अख्खं कार्ड बदलण्यावाचून इलाज नसतो, त्यांच्यामध्ये वावरणाऱ्या माणसाला याचं मोल जास्त कळतं. शिवाय समोरचा माणूस स्वतःच्या हातानं प्रत्येक अक्षर घडवत असतो. काही दिवसांनी कॉलसाइन येण्याआधीच त्याचा हात ओळखू येतो. जर्मनीनं २०१४ मध्ये मोर्स तारसंदेशाची कला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घातली. परीक्षेतून काढून अकरा वर्षांनी तिला हा मान दिला, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

अट काढली म्हणजे परीक्षा सैल करावी, असं मात्र मी म्हणणार नाही. जे दुसऱ्याला इजा करू शकतं ते आजही आहे, आणि ते प्रत्यक्ष हातानं करून दाखवायला लावलं पाहिजे. अकरा केव्हीच्या तारेपासून दूर, ती तुटली किंवा अँटेना पडला तरी स्पर्श होणार नाही असा अँटेना बांधता येतो का? वीज पडण्यापासून बचाव आणि अर्थिंग करता येतं का? संचातून बाहेर पडणारे हार्मोनिक मोजता आणि फिल्टर करता येतात का? आमच्या वरच्या अंगाला जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या विश्वातले अतिशय क्षीण संकेत टिपत असतात, आणि त्या १५० मेगाहर्ट्झच्या आसपासही ऐकतात. आमचा १४४ ते १४६ चा पट्टा त्याला लागूनच आहे. या भागातल्या हॅमला स्वच्छ संकेत पाठवता येणं ही आजची खरी जबाबदारी आहे. आणि शेवटी, आपत्तीतला निरोप एकही चूक न करता घेऊन पुढे देता येतो का? मोर्सच्या जागी ही प्रात्यक्षिकं आली तर परवान्याचं वजन वाढेल.

म्हणून माझं मागणं दोन्ही बाजूंना आहे. नियम करणाऱ्यांनी मोर्सची अट जिथे जिथे उरली असेल तिथून काढावी आणि तिच्या जागी सुरक्षिततेचं प्रत्यक्ष काम तपासावं. आणि ज्यांना मोर्स येते त्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी, अट गेली म्हणून हळहळत बसण्यापेक्षा, आठवड्यातला एक तास आपल्या भागातल्या एखाद्या आयटीआयला, शाळेला किंवा शेजारच्या मुलाला द्यावा. हौशी रेडिओच्या परीक्षेला बाराव्या वर्षापासून बसता येतं. तुमच्या घरात कुणाला सर्किटची ओढ असेल तर त्याला परीक्षेला बसवा. मोर्स त्याला हवी असेल तेव्हा तो मागेल, आणि ती शिकवायला आम्ही आहोत.